टॅग टीमचा पैलवान नक्की काम काय करतो? बॉबी ईटनच्या करिअरवरून समजून घेऊ

केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ बघत मोठे झालेल्या आपल्या पिढीला अंडरटेकर माहीत असतो, ब्रेट हार्ट माहीत असतो, ट्रम्प कार्डवरची उंची आणि वजनं तर अजून पाठ असतात, पण बॉबी ईटन हे नाव घेतलं की बहुतेक जण म्हणतात हा कोण. आणि अमेरिकेत ज्यांनी आयुष्यभर हाच धंदा केला त्या लोकांमध्ये, सोबत काम करायला सगळ्यात चांगला माणूस कोण असा विषय निघाला की हे नाव येतंच येतं. असं का होतं हे समजून घ्यायचं असेल तर आधी प्रो रेसलिंग चालतं कसं, त्यातही टॅग टीम म्हणजे दोघांची जोडी कशी चालते हे समजलं पाहिजे. मला हा विषय फार जवळचा आहे, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे खासबागेत माती अंगाला लावून जी कुस्ती होते ती वेगळी आणि ही वेगळी. आपल्याकडे लोक याला नुरा कुस्ती म्हणून सोडून देतात आणि तिथेच चर्चा संपते. पण खरा प्रश्न तिथून सुरू होतो. निकाल ठरलेला आहे, मग एक माणूस चांगला आणि दुसरा वाईट हे कसं ठरतं? जिंकणं हरणं बुकरच्या हातात, बुकर म्हणजे जो कोण जिंकणार आणि गोष्ट कुठे न्यायची हे ठरवतो तो. मग रिंगमधल्या माणसाच्या हातात उरतं काय? उरतात दोन गोष्टी. एक, समोर बसलेल्या लोकांना खुर्चीतून उठवणं. दोन, समोरच्या पैलवानाला इजा न करता घरी पाठवणं. बस्स. बाकी सगळं यातच आलं.

आता जर्नीमन म्हणजे कोण. कंपनीचा चेहरा कधीच न होणारा, पोस्टरवर ज्याचा फोटो छोटा असतो किंवा नसतोच, पण ज्याला कुठेही गेला तरी काम मिळतं असा माणूस. नवीन पोराला शिकवायचंय, याच्यासोबत लावा. मोठ्या स्टारची मॅच चांगली दिसायला हवी, समोर याला द्या. जोडीतला एक जण सोडून गेला, याला घ्या. हे ऐकायला कमीपणाचं वाटतं पण असे लोक नसतील तर आठवड्यातून पाच-सहा रात्री शो चालूच शकत नाही. तबल्याच्या साथीला बसलेल्या माणसासारखं आहे हे, मैफल गायकाच्या नावाची, पण साथ ढासळली तर गायकाचंही काही खरं नाही.

ईटनचा जन्म १९५८ चा, अलाबामा राज्यातल्या हंट्सविलचा. शाळकरी वयातच तो रिंग लावायच्या कामाला जायचा, म्हणजे लोखंडी सांगाडा जोडायचा, त्यावर लाकडी फळ्या टाकायच्या, पातळ फोमचा थर आणि वर कॅनव्हास ताणायचा. टीव्हीवर ती रिंग गादीसारखी वाटते पण खाली लाकूड आणि लोखंडच असतं. टोजो यामामोटो या जुन्या पैलवानाकडे तो शिकला आणि १९७६ मध्ये, अठराही पूर्ण नव्हते तेव्हा, रिंगमध्ये उतरला.

तेव्हा आजच्यासारखी एक मोठी कंपनी सगळ्या देशाला रेसलिंग दाखवत नव्हती. अमेरिकेचे भाग वाटून घेतलेले होते, प्रत्येक भागाचा वेगळा प्रमोटर, त्याचा स्थानिक टीव्हीवरचा आठवड्याचा कार्यक्रम, आणि त्या कार्यक्रमाच्या जोरावर आजूबाजूच्या गावांत तिकीट लावून शो. याला टेरिटरी म्हणायचे. सोमवारी या शहरात, मंगळवारी त्या, गाडीने जायचं, मॅच करायची, रात्रीच परत निघायचं. पैलवान कंपनीचा नोकर नसायचा, कंत्राटी माणूस, त्या रात्री तिकीटं किती गेली आणि तुझी मॅच कार्डवर, म्हणजे त्या रात्रीच्या मॅचच्या यादीत, कितव्या नंबरला होती यावर प्रमोटर पैसे हातावर ठेवणार. विमा नाही, पेन्शन नाही, पाय मोडला तर तुझा तू. आणि एका भागात लोकांना तुझा कंटाळा आला की बॅग भरायची आणि दुसऱ्या टेरिटरीत जायचं. जर्नीमन हा प्रकार मुळात इथून आला, फिरल्याशिवाय पोटच भरत नव्हतं.

ईटन पहिल्यांदा नॅशव्हिलच्या निक गुलास नावाच्या प्रमोटरकडे होता. गुलासचा मुलगा जॉर्जही पैलवान, आणि बापाने त्याला आपल्या कार्डवर खूप वर चढवलं होतं, अंगात तेवढं काम नसताना. त्यावरून तिथे मोठी भांडणं झाली, गुलासबरोबर काम करणारा जेरी जॅरेट फुटून मेम्फिसला वेगळा प्रमोटर झाला. आणि त्या जॉर्जचा टॅग टीममधला जोडीदार कोण, तर पोरसवदा बॉबी ईटन. म्हणजे विशी ओलांडताना हा मुलगा मालकाच्या मुलाला सावरून घ्यायचं काम करत होता. मला वाटतं त्याचं पुढचं सगळं करिअर यातच दिसतं. लॅनी पोफोबरोबरही जोडी झाली, पुढे मेम्फिसमध्ये कोको वेअरबरोबर झाली, हाच कोको पुढे खांद्यावर पोपट घेऊन डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला, तो आपल्यातल्या काहींना आठवत असेल.

आता टॅग टीम मॅच समजून घेऊ, कारण खरी मजा इथे आहे.

नियम सोपा. दोन विरुद्ध दोन, पण रिंगमध्ये एका वेळी एकेकच. दुसरा दोरीच्या बाहेर आपल्या कोपऱ्यात उभा. आतल्याने बाहेरच्याच्या हाताला हात लावला, म्हणजे टॅग केला, की बदली. बदली करताना दोघे थोडा वेळ आत राहिले तर रेफरी पाचपर्यंत मोजतो. एवढंच. पण या साध्या नियमातून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लोकांनी एक गोष्ट सांगायची पद्धत काढली जी आजही जशीच्या तशी चालते.

सुरुवातीला चांगली जोडी वरचढ. धंद्याच्या भाषेत चांगल्याला बेबीफेस म्हणतात आणि वाईटाला हील. चांगले लोक हीलना येडं बनवतात, दोघे वाईट एकमेकांवरच आपटतात, पब्लिक हसतं. मग हील काहीतरी घाण करतो, बाहेरून केस ओढतो किंवा रेफरीची पाठ असताना मागून मारतो, आणि चांगल्या जोडीतला एक जण हीलच्या कोपऱ्यात अडकतो. इथून मॅचचा सगळ्यात मोठा भाग सुरू होतो. त्या एकाला मारत राहायचं, पटापट बदली करत राहायचं म्हणजे मारणारा ताजातवाना आणि मार खाणारा तोच, आणि त्याला आपल्या जोडीदारापर्यंत पोचू द्यायचं नाही. तो सरपटत जातो, हात पुढे करतो, चार बोटांचं अंतर राहतं आणि पाय धरून मागे ओढतात. एकदा तर हात लागतोही, पण त्याच क्षणी हीलचा मॅनेजर, म्हणजे त्यांच्या बाजूने रिंगबाहेर उभा असणारा माणूस, रेफरीशी भांडत असतो, रेफरीने टॅग बघितलाच नाही, तो म्हणतो मी नाही पाहिला, जा बाहेर. बाहेरचा चिडून आत येतो, रेफरी त्याला अडवायला जातो, आणि रेफरीची पाठ फिरल्याफिरल्या इकडे दोघे हील मिळून त्या एकाला आणखी मारतात. म्हणजे जोडीदार मदतीला जेवढा धडपडतो तेवढा आतल्याला मार जास्त. हे ज्याने पहिल्यांदा शोधून काढलं त्याला माझा खरंच नमस्कार आहे, कारण प्रेक्षकाला अन्याय डोळ्यांनी दिसतो आणि रेफरीला दिसत नाही, मग प्रेक्षक ओरडणार नाही तर काय करणार.

आणि शेवटी कधीतरी तो टॅग होतो. याला हॉट टॅग म्हणतात. ताजा माणूस आत येतो, दोघांना एकट्याने झोडपतो, हॉल डोक्यावर घेतला जातो, मग चौघेही आत, गोंधळ, आणि त्या गोंधळात फिनिश.

हे सगळं कागदावर सोपं आहे पण यात वेळ हीच कला आहे. टॅग दोन मिनिटं आधी दिला तर लोक तापलेलेच नसतात, दोन मिनिटं उशिरा दिला तर थकून गप्प बसतात. बरोबर क्षण कोणता हे स्क्रिप्टमध्ये लिहिता येत नाही, ते त्या रात्री, त्या गावात, तिथल्या आवाजावरून ठरवायला लागतं. आणि जुन्या पद्धतीत हे बहुतेक वेळा हील ठरवायचा. आपण समजतो हिरो मॅच चालवतो, पण गाडी चालवत असतो व्हिलन. तो हेडलॉकमध्ये धरून कानात पुढचं सांगतो, आता फेकतो, आता उलटव, आता थांब. बहुतेक मॅच अशी रिंगमध्येच उभी राहायची, आधी फक्त शेवट आणि एकदोन मोठ्या जागा ठरलेल्या.

त्यात अंगाची भाषाही सगळ्यांची एकच लागते. अमेरिकन रेसलिंगमध्ये हेडलॉक डाव्या बाजूला धरायचा, काम डाव्या हातावर डाव्या पायावर करायचं, म्हणजे अनोळखी माणूस समोर आला तरी दोघांना पुढची हालचाल कळते. मेक्सिकोत हे उलटं, उजवीकडे. आणि पडणं ही तर पहिली शिकवणी. पाठीवर पसरून पडायचं, हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही, मार एका जागी न बसता पूर्ण पाठीवर वाटला जातो. याला बम्प म्हणतात. वाटला जातो म्हणजे लागत नाही असं नाही. वर्षानुवर्षं रोज रात्री लाकडावर पाठ आपटून घ्यायची, आणि साठीच्या आत गुडघे, कंबर, मान सगळी बिलं मागायला लागतात.

तर १९८३ च्या शेवटी ईटनच्या आयुष्यात वळण आलं. मिड-साउथ नावाची टेरिटरी होती, लुइझियाना, ओक्लाहोमा, मिसिसिपी वगैरे भाग, मालक बिल वॉट्स. वॉट्सचा धंदा बसत होता, तो मेम्फिसला आला आणि जॅरेटशी पैलवानांची अदलाबदल केली. त्यात ईटनला उचललं, डेनिस कॉन्ड्रीला उचललं, आणि जिम कॉर्नेट नावाचा विशीतला एक मॅनेजर उचलला जो आधी मेम्फिसमध्ये रिंगच्या बाजूला बसून फोटो काढायचा. या तिघांना एकत्र करून झाली द मिडनाइट एक्सप्रेस. नाव जुनं, कॉन्ड्री आधी अलाबामात रँडी रोझ आणि नॉर्व्हेल ऑस्टिनबरोबर याच नावाखाली काम करत होता, पण जग ओळखतं ती ही जोडी.

ही तिघांची वाटणी बघण्यासारखी आहे. ईटनला माइकवर बोलता यायचं नाही. स्वभावाने लाजाळू, हळू आवाज, आणि या धंद्यात प्रोमो म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलणं हे अर्ध्याहून जास्त काम असतं, कारण लोक तिकीट बोलण्यावर काढतात. कॉर्नेट मात्र तोंडाने आग ओकायचा, हातात टेनिसची रॅकेट, श्रीमंत आईचा लाडावलेला पोरगा असं सोंग, लोकांना त्याचा इतका राग यायचा की मारायला धावून यायचे. बोलायचं काम त्याचं, रिंगमध्ये हाणामारीचा दणकटपणा कॉन्ड्रीचा, आणि उडणं, पडणं, मॅच बांधणं हे ईटनचं. एकट्याने जे तिघांपैकी कुणालाच जमलं नसतं ते मिळून जमलं. टॅग टीम असण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, एकाचं उणं दुसरा झाकतो.

मिड-साउथमध्ये त्यांनी मॅग्नम टीए या देखण्या हिरोला डांबर फासून पिसं चिकटवली, आणि १९८४ च्या मार्चमध्ये त्याच्याकडून आणि मिस्टर रेसलिंग टू कडून टॅग टायटल, म्हणजे जोड्यांचा चॅम्पियनशिप बेल्ट, घेतलं. मग वॉट्सने टीव्हीवर कॉर्नेटला थोबाडीत मारली, मिडनाइट एक्सप्रेसने वॉट्सला रक्तबंबाळ केलं, आणि रिटायर झालेला मालक स्वतः परत रिंगमध्ये उतरला, जोडीदार जंकयार्ड डॉग, जो तेव्हा मास्क घालून स्टॅगर ली नावाने खेळत होता. लास्ट स्टॅम्पीड नावाने ही मॅच गावोगाव फिरवली आणि न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्येही झाली. लोक तुडुंब. बसलेला धंदा उभा राहिला.

पण त्यांची खरी ओळख झाली ती रॉक अँड रोल एक्सप्रेसविरुद्ध. रिकी मॉर्टन आणि रॉबर्ट गिब्सन, हेही मेम्फिसचेच, बारीक अंगाचे, रंगीत रुमाल बांधलेले, शाळाकॉलेजच्या मुली किंचाळायच्या. वर मी जो मार खाणारा माणूस सांगितला ना, त्यात मॉर्टन इतका तयार होता की आजही पैलवान लोक त्या कामाला त्याचंच नाव देतात, आज रिकी मॉर्टन कोण होणार असं विचारतात. आणि मॉर्टनचा मार खरा वाटायला मारणारा तसाच हवा. ईटनचा उजवा ठोसा धंद्यातला सगळ्यात सुंदर ठोसा मानला जायचा, टीव्हीवर जबडा फुटल्यासारखा दिसायचा आणि खाणाऱ्याला जेमतेम स्पर्श व्हायचा. ते जमायला किती वर्षं लागतात हे ज्याने हात उचलून बघितलाय त्यालाच कळेल.

मध्ये काही महिने डॅलसला काम करून १९८५ मध्ये ते जिम क्रॉकेटच्या कंपनीत आले, जिचा कार्यक्रम टीबीएस वाहिनीवरून केबलने सगळ्या देशात दिसायचा. २ फेब्रुवारी १९८६ ला रॉक अँड रोलकडूनच एनडब्ल्यूएचं, म्हणजे प्रमोटरांच्या संघटनेचं, वर्ल्ड टॅग टीम टायटल जिंकलं. म्हणजे गावागावांतून फिरणारा माणूस दहा वर्षांनी पूर्ण अमेरिकेच्या टीव्हीवर.

त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला स्टारकेड नावाच्या मोठ्या शोमध्ये रोड वॉरियर्सबरोबर त्यांची स्कॅफोल्ड मॅच झाली, रोड वॉरियर्स म्हणजे आपण ज्यांना लीजन ऑफ डूम म्हणून ओळखतो ते, खांद्यावर काटे आणि तोंड रंगवलेले. रिंगच्या वर उंचावर अरुंद परांची बांधलेली, त्यावर लढायचं आणि जो खाली पडेल तो हरला. ईटन आणि कॉन्ड्री दोघे वरून खाली लटकून पडले, आणि मग कॉर्नेटला वर नेलं, त्याला उंचीची भीती. तो पडताना बिग बबा रॉजर्सने त्याला झेलायचं ठरलं होतं, पण तो हुकला आणि कॉर्नेटचा गुडघा कायमचा गेला. निकाल ठरलेला होता हो, पण गुडघा खराच होता. मला कुणी खोटी कुस्ती म्हटलं की हेच आठवतं.

१९८७ मध्ये कॉन्ड्री अचानक सोडून गेला. टॅग टीमसाठी हा सगळ्यात मोठा धक्का असतो कारण जोडीचं नाव दोघांचं असतं, एक गेला की दुसऱ्याची किंमत रात्रीत अर्धी होते. त्याच्या जागी स्टॅन लेन आला, गोरागोमटा, कराटेच्या किका मारणारा, आणि बऱ्याच लोकांच्या मते ही जोडी आधीच्यापेक्षाही सरस झाली. माझंही मत तेच आहे. दोन वेगळ्या स्वभावाच्या जोडीदारांबरोबर एकाच नावाखाली दोन्ही वेळा सर्वोत्तम ठरणं, यात कॉमन माणूस कोण ते तुम्हीच बघा. सप्टेंबर १९८८ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी आर्न अँडरसन आणि टली ब्लँचर्डकडून वर्ल्ड टायटल घेतलं, तेव्हा यूएस टायटलही त्यांच्याकडेच होतं, दोन्ही बेल्ट एकाच वेळी. ऑक्टोबरअखेर रोड वॉरियर्सनी ते नेलं. मग त्या वर्षीच्या स्टारकेडमध्ये परत आलेला कॉन्ड्री आणि रँडी रोझ ओरिजिनल मिडनाइट एक्सप्रेस म्हणून ईटन आणि लेनसमोर उभे राहिले, त्यांचा मॅनेजर पॉल ई. डेंजरसली, म्हणजेच पॉल हेमन, ज्याला आपण अलीकडच्या वर्षांत रोमन रेन्सच्या बाजूला बघितलंय.

आता पैशाचं सांगतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये टेड टर्नरने क्रॉकेटची कंपनी विकत घेतली आणि तिचं पुढे डब्ल्यूसीडब्ल्यू झालं. रोजच्या गल्ल्यातून वाटा मिळण्याऐवजी ठरलेल्या रकमेची कंत्राटं आली. पैलवानासाठी ही चांगली गोष्ट, घर चालवता येतं. पण सोबत ऑफिसातले साहेब आले ज्यांनी कधी रिंग लावली नव्हती, आणि टॅग टीम त्यांना महाग वाटते. हिशोब सरळ आहे, एका मॅचला दोघांच्या जागी चौघांचे पैसे, वर मॅनेजर. पोस्टर, खेळणी, टीशर्ट सगळं एका चेहऱ्यावर विकलं जातं. म्हणून मोठी कंपनी नेहमी जोडी फोडून त्यातून एक स्टार काढायच्या मागे असते, आणि उरलेल्या दुसऱ्याचं काय होतं याची काळजी कुणी करत नाही. १९९० च्या शरदात व्यवस्थापनाशी न पटून कॉर्नेट आणि लेन सोडून गेले. ईटन थांबला. घरी बायकामुलं असलेल्या माणसाने दर महिन्याची रक्कम सोडून अंधारात उडी का मारावी, मला तरी त्यात काही चूक वाटत नाही.

१९९१ मध्ये त्याला एकट्याने संधी मिळाली. मेमध्ये सुपरब्रॉल या शोला आर्न अँडरसनला हरवून टेलिव्हिजन टायटल, आणि जूनमध्ये रिक फ्लेअरबरोबर वर्ल्ड टायटलसाठी तीनपैकी दोन फॉलची, म्हणजे दोन डाव जिंकायची, मॅच, ज्यात पहिला फॉल ईटनने घेतला, अलाबामा जॅम मारून. अलाबामा जॅम म्हणजे वरच्या दोरीवरून खाली झोपलेल्याच्या मानेवर पाय टाकत उडी. उडी मारणारा बसल्या जागी कमरेवर पडतो, म्हणजे प्रत्येक वेळी स्वतःच्याच कण्याला दणका. मॅच शेवटी फ्लेअरनेच जिंकली, आणि टेलिव्हिजन टायटल तोवर गेलंही होतं, जूनच्याच सुरुवातीला, कंपनीत नवीनच आलेल्या एका सोनेरी केसांच्या मुलाकडे. तो स्टीव्ह ऑस्टिन. पुढे हाच स्टोन कोल्ड झाला. महिनाभरही न राहिलेलं ते टायटल ईटनच्या करिअरमधलं एकट्याच्या वाटचं सगळ्यात मोठं यश, आणि त्याचा उपयोग झाला दुसऱ्याला वर चढवायला. कंपनीने त्याला आणखी वेळ द्यायला हवा होता असं माझं ठाम मत आहे, पण तो बोलू शकत नव्हता आणि बोलणारा कॉर्नेट गेला होता, हेही तितकंच खरं.

लगेच परत जोड्या सुरू. डेंजरस अलायन्स नावाच्या हेमनच्या टोळीत ऑस्टिन, रिक रूड, अँडरसन यांच्यासोबत तो आला आणि जानेवारी १९९२ मध्ये अँडरसनबरोबर वर्ल्ड टॅग टायटल जिंकलं, रिकी स्टीमबोट आणि डस्टिन ऱ्होड्सकडून. मे महिन्यात वॉरगेम्सची मॅच झाली, दोन रिंग, वर पिंजरा, पाच विरुद्ध पाच, आजही या प्रकारातली सर्वोत्तम मॅच म्हणून लोक हीच सांगतात. शेवट कसा होतो बघा. ईटनच्याच टोळीतला लॅरी झबिस्को कोपऱ्यातला लोखंडी दांडा समोरच्या बाजूच्या स्टिंगवर उगारतो, तो चुकून ईटनच्या खांद्यावर बसतो, स्टिंग तोच हात पिरगाळतो आणि ईटन हार मानतो. दहा जणांपैकी हार कुणाच्या पदरात टाकायची, तर ईटनच्या, कारण तो ती अशी खाईल की स्टिंग देवासारखा दिसेल आणि बाकी टोळीची पत जाणार नाही. हरणं हे पण कौशल्याचं काम आहे आणि ते प्रत्येकाला देत नाहीत.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९९४ मध्ये स्टीव्ह कर्नबरोबर जोडी. १९९५ मध्ये लॉर्ड स्टीव्हन रीगलबरोबर, कारण रीगलचा आधीचा जोडीदार जाँ-पॉल लेव्हेक डब्ल्यूडब्ल्यूएफला निघून गेला, जो पुढे ट्रिपल एच झाला. ईटनला त्याच्या जागी ठेवला आणि गोष्ट अशी की अलाबामाच्या या माणसाला इंग्रज लॉर्ड चहा कसा प्यायचा, वागायचं कसं हे शिकवतो, आणि त्याचं नाव अर्ल रॉबर्ट ईटन होतं. चाळिशीकडे आलेला, दोन्ही बेल्ट एकदम सांभाळलेला माणूस हे करत होता आणि मन लावून करत होता. नंतर टीव्हीवर येऊन मोठ्यांकडून हरायचं काम, मग २००० च्या सुमारास तेही संपलं, मग छोट्या गावांतले छोटे शो, अधूनमधून मिडनाइट एक्सप्रेसचं पुनर्मीलन. शरीर थकत गेलं. त्याची बायको डोना, जुना पैलवान बिल डंडी याची मुलगी, २०२१ च्या जूनमध्ये गेली आणि काही आठवड्यांतच ४ ऑगस्टला ईटन गेला, ६२ वर्षांचा होता. तेव्हा देशभरच्या पैलवानांनी जे लिहिलं त्यात बेल्ट कमी आणि माणूस जास्त होता, कुणाला रस्त्यात मदत केली, कुणाला रिंगमध्ये सांभाळलं.

आजच्या टॅग टीममध्ये एफटीआर ही जोडी उघडपणे मिडनाइट एक्सप्रेसचं आणि त्या काळाचं देणं मानते, त्यांच्या मॅच बघितल्या तर वर सांगितलेली गोष्ट सांगायची पद्धत तुम्हाला लगेच ओळखू येईल.

स्वतः बघायचं असेल तर दोन मॅच सांगतो. पहिली, फेब्रुवारी १९९० च्या रेसलवॉरमधली रॉक अँड रोलविरुद्धची, चौघांनी एकमेकांबरोबर इतकी वर्षं काम केलंय की एकही हालचाल विचारून केल्यासारखी वाटत नाही. दुसरी, ७ जुलै १९९० ची बाल्टिमोरची, सदर्न बॉइज म्हणजे ट्रेसी स्मदर्स आणि स्टीव्ह आर्मस्ट्राँगविरुद्ध. त्या दिवशी मोठी बातमी स्टिंगने फ्लेअरला हरवल्याची होती, पण ही मॅच बघा. ती दोन पोरं तेव्हा फार कुणाला माहीत नव्हती, आणि मॅच संपेपर्यंत हॉलमधली माणसं त्यांच्यासाठी उभी असतात, कारण ईटन आणि लेन प्रत्येक वेळी त्यांना एक पाऊल जास्त देतात, जास्त उंच उडतात त्यांच्या फटक्यांवर, जास्त उशिरा उठतात. जिंकतात ईटन आणि लेनच. पहिल्यांदा बघताना बॉल जिथे आहे तिथेच नजर जाईल, म्हणजे आत मारामारी करणाऱ्या दोघांवर, ते ठीक आहे, पण दुसऱ्यांदा बघाल तेव्हा फक्त ईटनवर लक्ष ठेवा, तो कोपऱ्यात बाहेर उभा असतानासुद्धा, आणि समोरचा पडतो त्याच्या आधी ईटनचा हात त्याच्या मानेमागे कसा गेलेला असतो ते बघा.